तुळशीबाईचं दुखणं

लोणखेड्यात भिलाभाऊ आणि त्यांचे थोरले भाऊ मोतीलाल यांची घरं एकाच भिंतीला लागून होती. एका घरात मिरचीची फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागायचा. तरीही तेवीस वर्षं या दोन घरांत चमचाभर साखरेचीही देवाणघेवाण नव्हती.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्या वर्षी श्रावणात कानबाई देवी थोरल्या घरी बसली होती. सगळ्या भाऊबंदांचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, तिथेच भाजले गेले. भिलाभाऊंची बायको तुळशीबाई तेव्हा सव्वीस वर्षांची होती. श्रावण लागल्यापासून तिचे कडक उपास चालले होते आणि कानबाईचे दोन दिवस तर तिने नुसत्या पाण्यावर काढले होते. विसर्जन झालं, रोटांचं जेवण बसलं, तेव्हा थोरली जाऊ कौसाबाईने आपल्या हाताने तिच्यापुढे खिरीची वाटी ठेवली. दुपार कलायच्या आत तुळशीबाई पोट धरून जमिनीवर लोळत होती.

ओकाऱ्या थांबेनात. शहाद्याच्या डॉक्टरांनी पोट चाचपून पाहिलं, ते मऊ होतं. सलाईन लावलं, सुया टोचल्या. उतार पडला म्हणून तिसऱ्या दिवशी घरी आणली. तिला मोरीपर्यंतही जाववत नव्हतं, म्हणून खाटेजवळ तसराळं ठेवलं होतं. कुणीतरी ते अंगणात नेऊन ठेवलं आणि विसरलं. तासाभराने बायकांनी पाहिलं तर त्यातली लघवी लालकाळी झालेली. बघणाऱ्यांनी तोंडाला पदर लावला. आतडी तुटून पडताहेत, हे विषाशिवाय होत नाही, असं एक जण म्हणाली आणि मग सगळ्याच म्हणाल्या. चौथ्या दिवशी झटके आले आणि तुळशीबाई गेली. रुपा तीन वर्षांची होती.

आठच दिवस आधी केळीला पाणी द्यायच्या पाळीवरून दोघी जावांचं विहिरीवर कडाक्याचं वाजलं होतं. ते भिलाभाऊंच्या डोक्यात होतं. राख सावडायच्या दिवशी ते सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाले, "मन्ही बायकोले खीरमा जहर चारं." नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

घराची अब्रू नको जायला म्हणून पोलिसांत कुणी गेलं नाही. पण गावाने आपल्यापुरता निकाल दिला. लग्नाच्या घरी कौसाबाईला पोळ्या लाटायला कुणी बोलवेना. तिची पोर शीला हिची दोन स्थळं हळदीपर्यंत येऊन मोडली. शेवटी ती पार सुरतेकडे दिली. मोतीलाल पाच वर्षांपूर्वी वारले. भिलाभाऊ अंत्ययात्रेबरोबर चालले, पण कुणाशी बोलले नाहीत आणि परतताना वेगळ्या रस्त्याने घरी आले.

रुपा बापाच्या हाताखाली वाढली, शिकली आणि गावातल्याच कॉलेजच्या ग्रंथालयात लागली. आईच्या मागे भिलाभाऊंनी दुसरं लग्न केलं नाही. पोरगी हेच त्यांचं सगळं होतं. यंदा तिने नवरात्राचे उपास धरले. दिवसभर पाणी आणि सांजेला एक सफरचंद, एवढंच. भिलाभाऊंनी दोनदा नको म्हटलं, मग पोरीची हौस म्हणून गप्प बसले. सहाव्या माळेला ती कॉलेजातून रिक्षाने घरी आली आणि उंबऱ्यातच वाकडी झाली. पोटात कुणी पिळा घालतंय असं ती सांगत होती. ओकून ओकून हिरवं पाणी पडू लागलं.

शहाद्याच्या दवाखान्यात सोनोग्राफीत काही सापडलं नाही. दुखणं मात्र असं होतं की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. अपेंडिक्स असावं म्हणून ऑपरेशन केलं. काढलेलं अपेंडिक्स चांगलं निघालं. ऑपरेशननंतर दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं. घाम फुटायचा, छाती धडधडायची, झोप नाही. एक्स-रे साफ, रक्त साफ. मग नर्सपासून शेजारणीपर्यंत सगळे एकच बोलू लागले की पोरीच्या मनात काहीतरी असेल, लग्नाचं वय आहे. भिलाभाऊंनाही क्षणभर तसं वाटलं. रुपाने बापाच्या तोंडावरून ते ओळखलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी नाटक नही करी ऱ्हायनी."

भिलाभाऊंनी तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

तिला घरी सोडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी चहा घेताना तिच्या हातातून कप निसटला. बोटांत जोरच नव्हता. पाठोपाठ डोळे फिरले आणि अंगाला झटके सुरू झाले. भिलाभाऊ ओरडले नाहीत, तिला कुशीवर धरून बसून राहिले. पण भिंत एकच होती. पलीकडे कप फुटल्याचा आवाज ऐकू गेला असावा. पाचच मिनिटांत मोतीलालचा मुलगा कुंदन गाडी घेऊन दारात उभा राहिला. तीस वर्षांचा हा पुतण्या या घराच्या उंबऱ्याशी कळत्या वयात पहिल्यांदाच आला होता.

"काका, गाडी लई उनू. चला."

भिलाभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. ज्या घरचं पाणी प्यायलो नाही त्या घरच्या गाडीत बसायचं, हा विचार त्यांच्या मनात आला. असा विचार आला याची लाजही त्याच क्षणी वाटली. त्यांनी रुपाला उचललं. प्रकाशा गावच्या पुलावरून तापी ओलांडून नंदुरबारला पोहोचेपर्यंत कुंदन प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी हळू करत होता.

नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टर दीपमाला म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी रुपाचं पोट दाबून पाहिलं, सगळे जुने कागद वाचले आणि रक्तातलं मीठ फार खाली गेल्याचं सांगितलं. झटक्यांचं नेहमीचं औषध नर्सने काढलं होतं, ते त्यांनी परत ठेवायला लावलं. मग स्टूल ओढून भिलाभाऊंसमोर बसल्या.

"घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं?"

भिलाभाऊ नाही म्हणणार होते. तुळशीचं दुखणं हे दुखणंच नव्हतं, तो घात होता, असं त्यांनी इतकी वर्षं मानलं होतं. पण पोरगी समोर निपचित पडली होती. त्यांनी सगळं सांगितलं. उपास, खीर, पोटदुखी, मऊ पोट, झटके. अंगणातल्या तसराळ्याचं सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

डॉक्टरबाई एकदम पुढे झुकल्या. "लघवी आधीपासून लाल होती, की उन्हात ठेवल्यावर झाली?"

भिलाभाऊंना आठवावं लागलं. तसराळं उचलून नेणारी बाई काहीच बोलली नव्हती. ओरडा झाला तो नंतर. "उन्हात," ते म्हणाले.

बाईंनी रुपाच्या लघवीच्या दोन बाटल्या भरून घेतल्या. एक काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, दुसरी खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात. त्याच वेळी साखरेचं सलाईनही चालू केलं. भिलाभाऊ त्या खिडकीसमोरून हलले नाहीत. ऊन पुढे सरकलं तशी बाटली पिवळ्याची तांबूस झाली, तांबूसची जांभळाच्या रसासारखी झाली. कपाटातली काढून शेजारी ठेवली, ती पिवळी ती पिवळीच.

तेवीस वर्षांपूर्वी अंगणात पाहिलेला रंग त्यांनी ओळखला. त्याच रंगाच्या जोरावर त्यांनी एका बाईला दोषी धरलं होतं. कुंदन चहा घेऊन आला होता, त्याने पेला त्यांच्या हातात दिला आणि ते तो प्यायले.

डॉक्टरबाईंनी समजेल असं सांगितलं. रक्ताचा तांबडेपणा तयार करायचं काम शरीरात पायरीपायरीने चालतं. रुपाच्या अंगात त्यातली एक पायरी जन्मापासूनच अधू आहे. एरवी चालून जातं. पण उपास घडला, काही ठरावीक औषधं पोटात गेली, पाळीचे दिवस आले, की कच्चा माल साठतो आणि तोच नसांना विषासारखा बाधतो. पोटात दुखतं ते नसांचं दुखणं, म्हणून पोट मऊ लागतं आणि सोनोग्राफीत काही दिसत नाही. पॉर्फिरिया म्हणतात त्याला. फार क्वचित सापडतो, म्हणून कुणाच्या लवकर लक्षात येत नाही, आणि आईबापाकडून लेकरात उतरतो. भिलाभाऊंचीही तपासणी केली, ती साफ निघाली.

"म्हणजे तिच्या मायकडून," भिलाभाऊ म्हणाले.

"त्या आता नाहीत, म्हणून कागदावर लिहून देता येणार नाही. पण तुम्ही जे सांगितलंत त्यावरून मला तरी शंका वाटत नाही."

"आणि खीर?"

"खिरीचा काही संबंध नाही. उलट चार दिवस आधी खाल्ली असती तर कदाचित बरं झालं असतं."

मुंबईला पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल आठवड्याने आला, तोही तसाच. तोवर रुपाचं दुखणं ओसरलं होतं. हातात मात्र जोर नव्हता, पेला दोन्ही हातांनी धरावा लागे. जोर यायला काही महिने लागतील, पण येईल, असं बाई म्हणाल्या. कधीही उपाशी राहायचं नाही, आणि नवीन डॉक्टरकडे गेलं की चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या औषधांचा कागद आधी दाखवायचा, हे त्यांनी तीन वेळा बजावलं.

घरी आल्यावर दोन दिवस भिलाभाऊ नुसतेच घरात फिरत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ते शेजारच्या अंगणात गेले. कौसाबाई सुपात दादर ज्वारी पाखडत बसली होती. सत्तरीची बाई, पाठीत वाकलेली. तिने वर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. बसायला सांगितलं नाही. भिलाभाऊ उभ्यानेच बोलू लागले.

"वहिनी, तुळशीले तू काहीच करेल नव्हतं. तिन्हा रक्तमधला आजार व्हता. आते रुपालेबी तोच शे. डॉक्टरनं सांगं."

कौसाबाईने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "तेवीस वरीस व्हयनात, भिला. येक डाव तरी तू माले इचारं का?"

तिने ओसरीवरच्या रिकाम्या खाटेकडे बोट केलं.

"तुन्हा भाऊ शेवटला दिवस खाटवरथून दारकडे दखे. कोन येस म्हनीसन दखे, ते मी काय सांगू."

"चुकनू मी, वहिनी." ते वाकून तिच्या पायाला हात लावायला गेले. तिने पाय मागे घेतले.

"माले कसाले सांगस? मी काही करं नही, हाई माले ठाऊकच शे. ज्यासले ठाऊक नही, त्यासले सांग." एवढं बोलून तिने सूप उचललं.

भिलाभाऊंनी ते केलं. भाऊबंदांची अकरा घरं होती. ती एकेक करून घेतली, दोन दिवस लागले. प्रत्येक घरात कर्त्या माणसासमोर आणि म्हाताऱ्या बायकांसमोर बसून सांगितलं की राख सावडताना मी जे बोललो ते खोटं होतं. काहींनी ऐकून घेतलं. एकाने, जुनी गोष्ट आता कशाला उकरतोस, म्हणून चहा पाजून वाटेला लावलं. भिकुबाई म्हणून एक म्हातारी होती, तसराळं पाहून पहिल्यांदा विषाचं नाव काढणारी. तिने काही मानलं नाही. डॉक्टरांचं काय, ते काहीही सांगतात, असं ती म्हणाली. भिलाभाऊ तिच्यापुढे तासभर बसले, दोन बाटल्यांची हकीकत दोनदा सांगितली आणि हरून उठले. एकदा सोडलेला शब्द घरोघर जाऊनही पुरता गोळा होत नाही, हे त्यांना त्या ओट्यावरून उतरताना कळलं. सुरतेला शीलाला फोन केला. तिने सगळं ऐकलं, बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर चार दिवसांनी कौसाबाई आली. भिलाभाऊ ओसरीवर होते, त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही. सरळ आत रुपाच्या खाटेजवळ गेली, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन बोटं एकेक करून दाबू लागली. रुपाला तिच्याशी काय बोलावं कळेना. लहानपणापासून या बाईसमोर मान खाली घालून जायची सवय. शेवटी तिने विचारलं, "मन्ही माय कशी व्हती?"

हा प्रश्न तिने बापालाही अनेकदा विचारला होता. तेव्हा बाप उठून शेतावर निघून जायचा. तुळशीबाई या गावात सहा वर्षं नांदली, आणि ती सहा वर्षं जिच्या चुलीपाशी बसून काढली त्या बाईशी बोलायची या घरात बंदी होती.

कौसाबाई सांगू लागली. तुळशी उंच होती, दार वाकून ओलांडायची. भाकरी नीट थापता यायची नाही, म्हणून दोघींच्या भाकरी कौसाबाई थापायची आणि तुळशी भाजायची. विहिरीवर भांडण झालं त्याच संध्याकाळी ती परातभर पीठ घेऊन आली होती आणि काही न बोलता चुलीपाशी बसली होती. कौसाबाई मध्येच थांबायची, पुन्हा बोलायची. एकदा रुपाचं हसू बाहेर ऐकू आलं.

भिलाभाऊ ओसरीवरच बसून राहिले. आत जाण्याचा त्यांना धीर झाला नाही. कुंदन शेतावरून येत होता, तो काकांना पाहून थांबला आणि त्यांच्याशेजारी ओट्यावर बसला. आतलं बोलणं दोघंही ऐकत राहिले.