सावरलेली रेघ

गावातल्या निम्म्या दुकानांवरची नावं पेंटरच्या हातची होती. पट्टी न लावता तो एका दमात अशी रेघ ओढायचा, की बघणाऱ्यानेच श्वास रोखून धरावा. ‘आपला हात जगन्नाथ’ हे त्याचं पालुपद. त्याच हाताला गेल्या वर्षी कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हा थांबायचा नाही, फार तर सावकाश वाढेल, हेही सांगून टाकलं. घरी आल्यावर पेंटर लेकीला म्हणाला, “त्यांना काय कळतंय? त्यांचं अक्षर बघितलंस का कसं आहे ते!”

विनोद केला तो तेवढाच. नंतर त्याचं बोलणंच आटलं. ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन, पुसून त्याने कपाटावर टाकले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात तो आणि लेक दोघंच. लेक औषधाच्या दुकानात कामाला. दिवसभर दुसऱ्यांच्या गोळ्या मोजून द्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन बापाने न जेवलेलं ताट उचलायची.

शेवटी दुकानाशेजारच्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने तिला एक जुना टॅबलेट आणि त्याचं पेन दिलं. “तीन सॉफ्टवेअर टाकलीत बघ चित्र काढायची. नवशिक्याला कुठलं झेपतंय ते घरी ठरवा.”

“जन्म गेला रंगात, आणि आता मी नवशिका?” पेंटर कुरकुरला, पण उठून बसला.

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने पेन टेकवलं, तर रेघ अगदी त्याच्या हातासारखी आली, थरथरत. त्याने टॅबलेट बाजूला सारला. दुसऱ्यात नुसती बटणंच बटणं. ब्रश सापडला तर रंग सापडेना. “हे विमान चालवणाऱ्यांसाठी असणार,” तो म्हणाला. लेकीनेही हात टेकले होते. तरी तिने तिसरं उघडलं, आणि त्याच्या पेनाच्या जरा मागून, लहान पोर बोट धरून यावं तशी, एक रेघ आली. सरळ!

पेंटरने दुसरी ओढली. मग गोल काढला. “अगं, बघ ना! बघ!” तो ओरडला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथल्या तिथे ठरलं, हेच सॉफ्टवेअर.

दुसऱ्या दिवशी ब्रश जाड करायचा म्हणून ती त्याच्या सेटिंगमध्ये शिरली. तिथे ‘रेघ सावरा’ असं लिहिलेलं होतं आणि त्याची खूण शेवटच्या टोकापर्यंत सरकवलेली. तिने ती मागे ओढून स्वतः एक रेघ मारून बघितली, पुढे ढकलून दुसरी मारली, आणि सगळा उलगडा झाला. थरथर तशीच होती. सॉफ्टवेअर ती गिळून टाकत होतं.

तेवढ्यात आतून हाक आली, “झालं का गं? आज मला मासा काढायचाय.”

तिने खूण होती तिथे नेऊन ठेवली आणि टॅबलेट त्याच्या हातात दिला. तिने सांगायला हवं होतं. आपलं बाहेर बसून म्हणायला काय जातंय! महिनोन्‌महिने अन्नाला धड न शिवलेला बाप समोर बसून, “आज भाजीत मीठ कमी आहे हं,” असं म्हणतो, तेव्हा कुणाची जीभ उचलेल?

पेंटर मासे काढायचा, पक्षी काढायचा, बेसूर गायचा. “गोळ्या लागू पडल्या बघ,” असं म्हणायचा. त्यावर ती नुसतं ‘हं’ करायची. पुढे पुढे ती ‘हं’ न करता ताटं उचलायला उठायची.

एका दुपारी औषधाच्या दुकानात चष्मेवाल्याचा फोन आला. तो नवीन दुकान उघडत होता. “जरा येऊन जातेस? पेंटरांना मी काही बोललो नव्हतो गं. तेच आले, म्हणाले, पाटी मी रंगवणार, हात सुधारलाय माझा.”

ती धावत गेली. दुकानाबाहेर दोन स्टुलांवर पाटी टेकवलेली, भोवती चार माणसं, आणि सगळी दुसरीकडेच बघत होती. पाटीवर निळ्या रंगात एकच अक्षर होतं. त्याचा उभा दांडा वेडावाकडा होत होत खाली आला होता आणि रंगाचे ओघळ पाटीच्या कडेपर्यंत गेले होते. पेंटर डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून उभा होता.

“राहू दे, पेंटर,” चष्मेवाला हळूच म्हणाला. “मला चालेल असंच.”

“मला नाही चालणार.” त्याने टर्पेंटाइनचं फडकं लेकीपुढे धरलं. तेही थरथरत होतं. “तू पूस. माझ्याने आणखी पसरेल.”

ती पुसायला लागली.

“खाली, कोपऱ्यात राहिलंय,” तो म्हणाला. कामात हयगय त्याला कधी खपली नव्हती. तिने कोपराही पुसला.

दोघं घरी आली. चपला काढून तो खाटेवर बसला आणि म्हणाला, “त्या टॅबलेटवर सरळ कशी यायची गं?”

तिने सेटिंग उघडून ती खूण दाखवली. त्याने ती मागे ओढून स्वतः एक रेघ मारून बघितली.

“तुला कधी कळलं?”

“दुसऱ्याच दिवशी. बाबा, तुम्ही जेवायला लागला होतात. माझा धीर झाला नाही.”

ती रडायला लागली. त्याने तिला जवळ ओढलं आणि तो हात तिच्या डोक्यावर ठेवला. तो हलतच होता.

“सांगायचं होतंस गं,” तो म्हणाला. “घरात कळलं असतं, तर मीही रडलो असतो. तिथे सगळ्यांपुढे मला ते जमलं नाही.”