पहिली ओळ वाकली

वावराच्या पल्याडच्या टोकाला रोवलेल्या काठीची पांढरी चिंधी... ती दोन बैलांच्या शिंगांमध्ये नजरेनं धरून ठेवायची, बस. बाकी काही बघायचं नाही. तिफण अशीच या टोकापासून त्या टोकाला न्यायची. पंचक्रोशीत पेरणीची पहिली ओळ कडूबाचीच, असं लोक म्हणत. पुढच्या सगळ्या ओळी तिच्याच आधारानं पडतात.

पण आज चिंधीच्या डाव्या अंगाला, बांधावर, त्याची बायको कोकिळा बसली होती आणि तिच्यासमोर निवृत्ती. दोघं टोपल्यातली सरकी शेणात चोळत होते. नागपूरच्या शेतकी खात्यानं दिलेली नवी सरकी. चोळली नाही तर तंतूंनी एकमेकींना चिकटते. यात बघण्यासारखं काय? शिवाय निवृत्तीला जा म्हणता येत नव्हतं. उजवा बैल त्याचा होता, डावा कडूबाचा. एकेक बैलाचे दोघे, म्हणून दर साली जोडी अशीच जमायची.

कोकिळा हसली. लग्नाला दीड वर्ष झालं, घरात ती असं कधी... चिंधी! चिंधी बघ.

निवृत्तीच्या मिशीला शेण लागलं होतं. तिनं हात पुढे केला. लागला का हात? की नुसतं दाखवलं? इतक्या लांबून पुढचं-मागचं कळत नव्हतं. त्यानं निवृत्तीवर नजर रोखली, तर कोकिळा त्याला खेटून बसलेली दिसली. टोपल्यावर रोखली, तर टोपलं मध्ये आणि दोघं चांगले हातभर लांब. मग तिच्यावर — तर निवृत्तीच तिच्याकडे सरकलेला! कुणीच हललं नव्हतं. कडूबाचाच डोळा ज्याच्यावर जाऊन बसे, त्याच्याभोवती बाकीचे नवी जागा धरत होते. चिंधी बोटभर ढळली तरी ज्याला कळतं, त्याला एवढं कळू नये...

"काऊन बे कडू!" निवृत्ती ओरडला. "कुठी चालला?"

कडूबानं बैल थांबवले, मागे पाहिलं. ओळ निम्म्या वावरापर्यंत सरळ होती. मग डावीकडे, बांधाकडे, या दोघांकडे झुकत आलेली. कुणीही वाचावी अशी.

"तुह्या बैलानं वढलं."

"हाव, त्याले सरकी दिसली असन. तुले काय दिसलं बे?"

कोकिळा उठून कडूबापाशी आली.

"अवो, मोडून टाका ना थे. कोनं पाह्यलं अजून?"

तिच्या बोटांवर शेण वाळलं होतं. टोपल्यातलं की मिशीवरचं, शेणावरून काय ओळखणार...

तिचा पदर त्याच्या दंडापासून किती लांब होता? पदराकडे पाहिलं की पदरच दिसे, दंडाकडे पाहिलं की दंड. एक टोक आपणच असल्यावर मधलं अंतर धरायचं कुठून? ते बांधावरून दिसत असणार. निवृत्ती तिथे एकटाच, हात थांबवून इकडेच बघत होता. आत्ता या घडीला माझी बायको माझ्या किती जवळ उभी आहे, ते त्याला दिसतंय... त्याला, मला नाही.

विचारावं का त्याला?