निरोप्याची सुट्टी

मास्तरांच्या की-बोर्डच्या पट्ट्या ठणठणीत होत्या, फक्त वाचा गेली होती. माणसांत बहुधा हे उलट असतं.

दिग्दर्शिकाबाई नाटकाच्या तालमीला आल्या आल्या गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "चहापर्यंत वाजलं तर तुम्ही वाजवा, मास्तर. नाहीतर रेकॉर्डिंग लावू. तुम्हाला पहिल्या रांगेत मानाची खुर्ची." मानाच्या खुर्चीवर बसवलेला माणूस पुन्हा कामाला उठत नाही, हे मास्तर जाणून होते.

म्हणून नाइलाजाने मेहुण्याला बोलावणं गेलं. त्याच्याकडे आवाजांचा डबा होता: पट्टी एकही नाही, पोटात मात्र व्हायोलिनपासून घंटेपर्यंत सगळं. अडचण एकच होती. मागे एकदा मेहुणा चारचौघांत म्हणाला होता, "भावोजींचा ताल चपला शोधत मागून येतो." तेव्हापासून दोघांत अबोला होता आणि निरोपांची ने-आण मास्तरीणबाईंकडे.

की-बोर्डपासून डब्यापर्यंतची तार मास्तरांनी स्वतःच जोडून ठेवली होती. पट्टी दाबली. डबा ढिम्म.

"सांग तुझ्या भावाला, त्याचा डबा बहिरा आहे."

मेहुणा डब्यामागे वाकला. "ताई, यांना विचार, 'इन'ला 'इन' कोणी जोडलं?"

"मीच. सारख्याला सारखं बघून जोडलं. स्थळं काय वेगळी जुळवतात?"

"ताई, 'आउट' म्हणजे तोंड, 'इन' म्हणजे कान. यांनी कानाला कान बांधलाय. बोलणार कोण?"

तारेचं टोक की-बोर्डच्या तोंडाला लागलं. मास्तरांनी पट्टी दाबली आणि डब्यातून व्हायोलिन निघालं.

"माझ्या की-बोर्डात व्हायोलिन कुठून आलं?" पट्टीवरचं बोट न उचलता मास्तर भिंतीला म्हणाले.

"ताई, सांग त्यांना, तारेतून आवाज जातच नाही. नुसता निरोप जातो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, आणि कधी सोडली. गायचं काम डब्याचं."

"म्हणजे माझ्यासारखंच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "भांडण तुमचं, मी नुसती तार." आणि वैतागून त्यांनी खुर्ची मागे सरकवली. खुर्चीच्या पायात तार अडकली आणि निसटली.

मास्तरांनी पट्टीवरून बोट उचललं. सूर थांबेना. त्यांनी दोन्ही हात वर केले, तरी व्हायोलिन एका सुरात रडतच राहिलं. तेवढ्यात चहाचा कप घेऊन दिग्दर्शिकाबाई दारात उभ्या राहिल्या.

"अरे, गप्प कर ना याला," मास्तर थेट मेहुण्याला म्हणाले.

"'दाबली' पोचलं, 'सोडली' वाटेत राहिलं, भावोजी. तार लावतो. तीच पट्टी पुन्हा दाबा आणि सोडा."

मास्तरांनी दाबली. सोडली. सूर थांबला आणि खोलीतल्या प्रत्येकाचे खांदे बोटभर खाली आले.

"वाजतंय की," बाई म्हणाल्या. "थांबतंयही. मास्तर, तिसरा प्रवेश घेऊ."

मास्तर आपल्या स्टुलावर नीट बसले, पहिल्या रांगेकडे पाठ करून. मग सवयीने वळले. "सांग तुझ्या भावाला, प्रवेश संपेपर्यंत जाऊ नकोस म्हणावं."

मास्तरीणबाईंनी चहाचा घोट घेतला. "ही तार निघालीय. तो समोरच बसलाय."

मास्तर जरा खाकरले. "थांबशील ना?"

"थांबतो, भावोजी," मेहुणा म्हणाला. "चपला सापडेपर्यंत."