त्रेसष्ट नंबरची गोटी

मित्रांनो, मी हौजीचा पिंजरा. मला जुना म्हटलं तर राग येत नाही, फक्त 'डबा' म्हणू नका. डब्यात चकल्या ठेवतात. माझ्या पोटात एक ते नव्वद आकड्यांच्या लाकडी गोट्या होत्या.

कोल्हापूरच्या एका कारखान्यात पितळी तारा वाकवून मला घडवलं. बाजूला दांडा बसवला, खाली गोटी पडायला तोंड ठेवलं. गोपीनाथकाकांनी मला विकत घेतलं आणि लोणच्याच्या बरणीशेजारी बॅगेत कोंबून शारजाला आणलं. काकांचा एसीच्या डक्टचा धंदा. पण तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माइक हातात आला की ते निराळेच व्हायचे. "नंबर सात, वरणभात!" असं म्हणून ते माझा दांडा फिरवत आणि सगळा हॉल पेन्सिली सरसावून बसे. कौतुक त्यांचं व्हायचं, पण मी ते निम्मं माझंच समजत असे.

अकरा वर्षांपूर्वी शारजातल्या खालिद लगूनच्या, म्हणजे खाडीच्या तळ्याच्या, काठी सहल होती. तिथे माझी त्रेसष्ट नंबरची गोटी घरंगळली ती थेट पाण्यात गेली. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. 'नव्वदातल्या एकीने काय होतंय?' असं पुटपुटले आणि खेळ पुढे सुरू केला. मी गप्प राहिलो. पिंजऱ्याला तोंड असतं, वाचा नसते.

काकांच्या शेजारी, अल मजाज भागातल्या टॉवरमध्ये तेराव्या मजल्यावर अर्चना राहते. तिची केया नऊ वर्षांची, व्हीलचेअरवर असते. अर्चना तिला रोज उचलून टॅक्सीत बसवायची आणि थेरपी सेंटरला न्यायची. या वर्षी केया उंच झाली आणि अर्चनाची कंबर गेली. तीन आठवडे केया घरात खिडकीशी बसून होती. "आय ॲम नॉट सिक. व्हाय ॲम आय होम?" एवढंच विचारायची.

सेंटरमध्ये अशी अकरा मुलं. त्यांच्यासाठी रॅम्पवाली गाडी घ्यायची ठरली. बहुतेक पैसे एका परवानाधारक धर्मादाय संस्थेने जमवले. उरले वीस हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ पाच लाख रुपये. काकांनी लगेच ग्रुपवर मेसेज टाकला, की यल्ला, चला, केयासाठी हौजी, पैसे माझ्या खात्यात पाठवा. अर्चनाने पाच मिनिटांत तो पुसायला लावला. इथे परवानगीशिवाय वर्गणी मागणं म्हणजे आपणहून संकटाच्या दारावर टकटक करणं. काका कुरकुरले, की पुण्यकर्मालाही अर्ज करायचा का. पण त्यांनी अर्ज केला.

दीड महिन्याने संस्थेमार्फत परवानगी आली. एकच संध्याकाळ, आठला खलास. तिकीट पन्नास दिरहम, पैसे थेट संस्थेच्या खात्यात, बक्षिसं वस्तूंचीच, आणि खेळाचं साहित्य आधी तपासून घ्यायचं.

तपासायला संस्थेचे मोहिद्दीन आले. शांत माणूस. हॉलमध्ये चारशे लोक बसले होते. त्यांनी माझ्या गोट्या टेबलावर मांडल्या आणि दहा-दहाच्या रांगा केल्या. शेवटची रांग नऊचीच भरली. त्यांनी पुन्हा मोजल्या. मला तारांमधून घाम फुटायचा तेवढा बाकी होता.

"घर का खेल है, मोहिद्दीनभाई," काका म्हणाले. "एकाने काय होतं?"

"घर का था तब तक ठीक था, अंकल. अब टिकट बिका है. जिसके टिकट पर तिरसठ है, वो पूरी शाम बैठा ही रहेगा."

त्यांनी परवानगीचा कागद मिटला. सातच्या आत पूर्ण संच आला तर खेळ, नाहीतर तिकिटांचे पैसे परत. काका हळूच अर्चनाला म्हणाले, की कागदाची त्रेसष्टची चिठ्ठी करून आत टाकू, कोण बघतंय? अर्चना कंबर धरून उभी होती.

"काका," ती म्हणाली, "केया त्या गाडीत रोज बसणार आहे. कुणाला फसवून घेतलेल्या गाडीत मी तिला कशी बसवू?"

काकांनी चपला अडकवल्या आणि समोरच्या स्टेशनरीच्या दुकानाकडे पळाले. साडेसहाला एक प्लास्टिकचा संच घेऊन आले, पस्तीस दिरहमचा, पोपटी रंगाचा. मोहिद्दीननी मोजला. नव्वद. मग काकांनी माइक घेतला आणि अकरा वर्षांची गोष्ट चारशे लोकांना सांगून टाकली. ज्याला तिकीट परत करायचं असेल त्याने करावं, असंही म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच बारीक झाला होता.

मग इतक्या वर्षांत एकदाही न जिंकलेल्या मंजुषाबाई उठल्या. "म्हणजे अकरा वर्षं माझं नशीब ठीकच होतं," त्या म्हणाल्या. "मी उगाच शनिवार धरले." हॉल हसला. तिकीट कोणी परत केलं नाही.

पोपटी डब्याने खेळ केला. मी टेबलाखालून ऐकत होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मला बाजूला सारणं बरोबर होतं.

मित्रांनो, चांगल्या कामासाठी खेळता ना, मग मोजणी दुप्पट काळजीने करा. लोक अशा वेळी डोळे मिटून पैसे देतात, म्हणून तुम्ही डोळे उघडे ठेवा. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तूंचं काही हरवलं, तर ते झाकू नका, सांगा. मग आम्हालाही पेलेल असं काम मिळतं.

मला मिळालंय. गाडी आली. चालकामागच्या खिडकीपाशी कोणी बसायचं यावरून मुलांत रोज भांडण व्हायचं, म्हणून मला सेंटरमध्ये नेऊन ठेवलं. पोटात एक ते अकरा नंबरच्या गोट्या, प्रत्येक मुलाची एक. दुपारी मुलं दांडा फिरवतात; ज्याचा नंबर पडेल, त्याची त्या दिवशी खिडकी. आज केयाचा नंबर आला नाही. "नॉट फेअर," म्हणत ती मागच्या रांगेत व्हीलचेअरवर फुगून बसली आणि गाडी तिला घेऊन निघाली.