झोरिमारुचा वेग

हिमी गावच्या चिनात्सु उओझुमी या मुलीनं मला एक पत्र लिहिलं होतं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या पत्राला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही. उत्तरासाठी म्हणून तिनं सोबत टपालाचं तिकीटही ठेवलं होतं. ते माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे.

त्या काळी मी एका लहानशा गेम कंपनीत होतो. त्याआधी जुन्या पुस्तकांच्या दुकानात होतो आणि तिथेच राहायला हवं होतं, असं मला अनेकदा वाटलं आहे. आमच्या गेममध्ये एकशे बारा अजब प्राणी होते. खेळणाऱ्यानं ते रानावनातून, नदीनाल्यातून पकडायचे, त्यातल्या पाचांची टीम करायची आणि दुसऱ्याच्या टीमशी लढायचं. प्राणी माझे सहकारी हानावा-सान रचायचे. प्रत्येक प्राण्याविषयी प्राणिकोशात दोन ओळी लिहायच्या, हे माझं काम. अक्षरं छत्तीसच. मला मोठं काही लिहायची हिंमत नव्हती, त्यामुळे ती मर्यादा मला बरी वाटायची.

गेमच्या खोक्यात एक छापील पोस्टकार्ड असायचं. 'तुमचा आवडता प्राणी कोणता? का?' त्यातल्या 'का'साठी आगपेटीच्या काडीएवढी जागा. चिनात्सुनं त्या जागेत लिहिलं होतं : 'झोरिमारु. कारण इथे मावत नाही. पत्र पाठवते.' आणि खरंच चार दिवसांनी पत्र आलं.

'प्राणिकोश लिहिणाऱ्या काकांना,

तुम्ही लिहिलंय की झोरिमारु वाऱ्यासारखा धावतो. पण लढाईत तो सगळ्यांच्या शेवटी येतो. गोगलगाईच्यासुद्धा मागून. बाबा म्हणतात, कंपनीवाल्यांची चूक आहे. मी म्हणते, तो लाजतो. त्याला धावता येतं, पण समोर कुणी असलं की तो म्हणतो, आधी तुम्ही. मी पण घरामागे खूप जोरात धावते. शाळेच्या क्रीडादिनाला शेवटची येते. तो पहिल्या दिवसापासून माझ्या टीममध्ये आहे आणि मी त्याला काढणार नाही. आमच्यापैकी कुणाचं बरोबर? नक्की कळवा. तिकीट ठेवलंय.'

बाबांचं बरोबर होतं. झोरिमारु म्हणजे गुबगुबीत, उदमांजरासारखा प्राणी. चारही पायांत गवताच्या चपला. प्राण्यांचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचं कामही शेवटी माझ्याकडेच आलं होतं, कारण बाकीचे थकले होते. आमच्याकडे पद्धत अशी होती की एखादा आकडा ठरला नसेल तर तिथे तात्पुरता 'एक' हा आकडा भरायचा आणि नंतर विचारून बदलायचा. झोरिमारुच्या वेगाचा रकाना कोरा होता. विचारायला गेलो तर हानावा-सान टेबलाखाली झोपले होते. टेबलाखाली झोपणं आमच्याकडे रोजचंच, पण ते तीन दिवसांनी पहिल्यांदा झोपले होते आणि त्यांनी बूट इतके नीट, जोडीनं लावून ठेवले होते की मला हाक मारवेना. मी एक भरला. दहा मिनिटं तिथे उकिडवा बसलो. मग जागेवर परत गेलो आणि विसरलो. गेम तसाच तयार होऊन देशभर गेला.

एका मुलीला 'तुझे बाबा बरोबर' एवढंच लिहायचं होतं. पण तसं लिहिलं की तिचा लाजणारा झोरिमारु संपणार, आणि 'तू बरोबर' लिहिलं तर मी खोटारडा. मी सात मसुदे केले. मग वर्ष संपलं, मग दहा वर्षं संपली.

"अहो," माझी बायको सुमिए दर वर्षअखेरीच्या साफसफाईत तो खण उघडून म्हणते, "तुमच्यापेक्षा तो प्राणी बरा. त्याचा वेग एक तरी आहे."

गेल्या फेब्रुवारीत कंपनीतून इसोगाई-सान आल्या. वय एकतीस, पाठीवर भलंमोठं दप्तर, हातात लाल उडदाच्या मिठाईचा डबा. जुना गेम नव्यानं तयार होत होता. हानावा-सान सहा वर्षांपूर्वी गेले, आणि त्या वेळच्या माणसांपैकी विचारण्यासारखा मीच उरलो होतो.

"एकच प्रश्न आहे, मुनेओका-सान," त्या बसता बसता म्हणाल्या. "हानावा-सानच्या वहीत झोरिमारुचा वेग पंच्याऐंशी आहे. गेममध्ये एक. हे तुम्ही दोघांनी मुद्दाम केलं होतं ना?"

मी त्यांच्या कपात चहा ओतला.

"का विचारता?"

"ऑफिसात भांडणं लागलीयत. अर्धे म्हणतात पंच्याऐंशी करा, अर्धे म्हणतात हात लावाल तर राजीनामा देऊ. पुढच्या शुक्रवारपर्यंत ठरवायचंय. एका गृहस्थांनी तर या एकावर चाळीस पानी निबंध लिहिलाय. संयम, दुसऱ्याला वाट देणं, आपली संस्कृती वगैरे."

"चाळीस पानं?"

"तळटिपा धरून."

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. सुमिएनं हसू दाबायला भांडं पाडलं असावं.

इसोगाई-साननी दप्तरातून जुन्या पोस्टकार्डांचे गठ्ठे काढले. गोदामात सापडले होते. "माझं काम खरं तर हेच आहे," त्या म्हणाल्या. "कोण कुठला प्राणी टीममध्ये घेतो आणि का. आकड्यांवरून मला चार प्राणी सांगता येतात. जोरदार एक, चिवट एक, विषारी एक, उडणारा एक. सगळे हेच घेतात. पाचवा मात्र काही केल्या सांगता येत नाही. तिथे लोक वेड्यासारखं वागतात."

आम्ही दुपारभर ती कार्डं वाचली. सुमिएही हातातलं फडकं ठेवून येऊन बसली आणि मोठ्यानं वाचू लागली.

"'दगडी बेडूक. कारण आमच्या मुख्याध्यापकांसारखा दिसतो, आणि तो माझं ऐकतो.' हे बघा अजून एक, 'ढगमासा. पकडताना सत्तावीस वेळा निसटला. आता सोडणार नाही.' अहो, असंच मी तुमच्याशी लग्न केलं."

"मी निसटत नव्हतो."

"लपत होतात. तेच ते."

"'शिंगवालं घुबड,'" इसोगाई-साननी पुढचं कार्ड घेतलं. "'कारण धाकट्या भावानं त्याला माझं नाव दिलं.' 'बांबूसाप. कारण नाही.' हे मला सगळ्यात पटतं. आणि झोरिमारु, झोरिमारु, झोरिमारु. मुनेओका-सान, सगळ्यात कुचकामी प्राणी, आणि पाचव्या जागेवर सगळ्यात जास्त वेळा तोच. माझ्यासुद्धा. कोडं तुम्हीच सोडवा. तुम्ही काय विचार केला होता?"

त्यांनी वहीसुद्धा उघडली होती. पेनाचं टोपण काढलं होतं. मला तो निबंध लिहिणारा माणूस आठवला, कधी न पाहिलेला. मान नुसती हलवली असती तरी भागलं असतं.

"हानावा-सान झोपले होते," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. टेबल, बूट, तात्पुरता एक. शेवटी खणातून पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

इसोगाई-साननी पत्र दोनदा वाचलं. पेनाला टोपण लावलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. मी घाबरून कागदी रुमालांचा डबा पुढे केला. त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"उठवायला लाज वाटली?"

"बूट फार नीट ठेवले होते."

"चाळीस पानं!" एवढंच म्हणून त्या पुन्हा हसू लागल्या. "त्यांना सांगू नका. बिचाऱ्यांनी पुस्तक काढायचं ठरवलंय."

"पंच्याऐंशी करा," मी म्हणालो. "इतक्या वर्षांनी का होईना, चूक दुरुस्त होईल. मग मला या मुलीला लिहिता येईल की झाली दुरुस्ती."

आठव्या मसुद्याचं पहिलं वाक्य मला तिथेच सुचलं होतं, इतका मी खूश होतो. इसोगाई-सान मात्र दारात बूट घालताना थांबल्या. "आधी वीस जणांना खेळायला देऊन बघते," म्हणाल्या. "सगळे जुने झोरिमारुवाले."

बुधवारी फोन आला.

"मुनेओका-सान, बसलायत ना? पहिल्या दिवशी सगळे नाचले. झोरिमारु सुसाट. सगळ्यांच्या आधी. लढाया जिंकल्या. दुसऱ्या दिवशी विसांतल्या चौदा जणांनी त्याला टीममधून काढलं."

"काढलं? का?"

"कुणालाच नीट सांगता येईना. एक सिमेंटच्या गोदामाचे मॅनेजर आहेत, चव्वेचाळीस वर्षांचे, मिशीवाले. मी खोदून विचारलं. ते खाली बघत म्हणाले, 'आता त्याला माझी गरज नाही.' मग म्हणाले की हे माझ्या बायकोला कळवू नका."

फोन ठेवल्यावर मी खण उघडला. चिनात्सुचं पत्र मला तोंडपाठ आहे असं मी समजत होतो, पण एक ओळ मी इतकी वर्षं घाईनं ओलांडत आलो होतो : 'मी त्याला काढणार नाही.' तिनं मला तो वेगवान करा, असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. तिला फक्त कुणाचं बरोबर ते हवं होतं. दुरुस्ती मला हवी होती.

मी इसोगाई-सानना फोन केला. आपणहून फोन करणं मला जमत नाही. सुमिएनं नंबर लावून दिला आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"एकच राहू द्या," मी म्हणालो.

"नक्की? ऑफिसात विचारतील, कारण काय. मुद्दाम केलं होतं असं सांगू?"

"नको. चूक होती असं सांगा. माझी चूक होती आणि ती ठेवायचीय, असं सांगा."

"राजीनामावाले खूश होतील," त्या म्हणाल्या. "आणि प्राणिकोशातलं ते 'वाऱ्यासारखा धावतो'? ते तर धडधडीत खोटं आहे. नव्यानं लिहाल का? छत्तीस अक्षरांतच हं."

त्यासाठी मला जवळजवळ दोन दिवस लागले. शुक्रवारी सकाळी कळवलं : 'वाऱ्यासारखा धावतो म्हणे. अजून कुणी पाहिलेलं नाही.'

मग आठवा मसुदा सुरुवातीपासून लिहिला.

'चिनात्सु-सान,

तुमच्या वडिलांचं बरोबर होतं. चूक होती, आणि ती माझी होती. एका झोपलेल्या माणसाला उठवायला मी लाजलो, म्हणून झोरिमारु हळू झाला. म्हणजे लाजण्याविषयी तुम्ही म्हणत होता तेही अगदीच चुकीचं नव्हतं, फक्त लाजणारा प्राणी दुसरा निघाला. नव्या गेममध्येही तो शेवटीच येईल. त्याला तसाच ठेवावा, हे मला तुमच्या पत्रावरून उशिरा कळलं. क्रीडादिनाला पुढे काय झालं, हे विचारायचा मला अधिकार नाही, पण विचारतो. उत्तराला अठ्ठावीस वर्षं लागली. क्षमा करा.

प्राणिकोश लिहिणारा काका,
मुनेओका'

"ती सदतीस वर्षांची असेल आता," सुमिए पाकीट बघत म्हणाली. "लग्न होऊन नाव बदललं असेल. घर बदललं असेल."

"मग परत येईल पत्र."

"येऊ दे. तुमच्याकडून काहीतरी बाहेर गेलं, हेच खूप." तिनं खणातलं ते जुनं तिकीट पाकिटावर लावलं. आता ते एकटं पुरत नाही, म्हणून शेजारी आजचं एक लावलं. जुन्याचा डिंक वाळून गेला होता. तिनं त्याला भाताचं शीत लावून दाबून धरलं.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी एक शाळकरी मुलगी पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन उभी होती. आम्ही दोघं एकदमच पोहोचलो. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "आधी तू."

"नको, आजोबा, तुम्ही आधी," ती म्हणाली. "माझी खूप आहेत."

मागून सुमिए खाकरली. मी पुढे झालो आणि पाकीट पेटीत टाकलं.