नुन्त्सियाताला घर दाखवणारी होडी

मी एक जुनी होडी आहे. मित्रांनो, सिसिलीजवळच्या आलिकुडी या ज्वालामुखीच्या बेटावर, काळ्या दगडांवर मी पालथी पडून असते.

माझा नावाडी ओनोफ्रियो; त्याच्या वडिलांनी मला बांधलं. तेव्हा इथे धक्का नव्हता. आगबोट लांब समुद्रात थांबायची आणि मी माणसांची ने-आण करायचे. आणण्यापेक्षा नेलीच जास्त. बरीचशी ऑस्ट्रेलियाला निघालेली. ओनोफ्रियोची धाकटी बहीण नुन्त्सियाताही माझ्यातूनच गेली. ती आगबोटीवर चढेपर्यंत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

पुढे सुट्टीतले पाहुणे येऊ लागले. माझ्या निळ्या रंगाचं कौतुक करू लागले. मग धक्का बांधला गेला आणि माझं काम संपलं. उन्हानं फळ्या वाळल्या, फटी पडल्या.

एका उन्हाळ्यात नुन्त्सियाता आली. पाहुण्यासारखी, भाड्याची खोली घेऊन. केस पांढरे, गुडघे गेलेले. जन्मघर वर डोंगरात, वाट सगळी पायऱ्यांची.

"खेचरावर बस," ओनोफ्रियो म्हणाला.

"म्हणजे खेचर आणि मी, दोघंही गडगडत खाली. समुद्रातून दिसतं की आपलं घर. हिच्यातून ने मला."

"ही बुडेल, बाई."

"मग पोहू. तू कधीपासून घाबरायला लागलास, दादा?"

त्यानं फटींत सुताची दोरी ठासली, वर डांबर फासलं. किती वर्षांनी मला पाणी लागलं! तरी तळातून ते झिरपतच होतं. नुन्त्सियाता डब्यानं उपसत होती. घराखाली आल्यावर त्यानं वल्ही थांबवली. छप्पर पडलं होतं. खिडकीतून अंजिराची फांदी बाहेर आली होती.

"कुणीच राहिलं नाही का रे?"

"मी होतो. आई गेल्यावर खाली आलो. एकट्याला करमेना."

पाणी उपसत ती म्हणाली, "जाताना बोलला नाहीस माझ्याशी."

"तोंड उघडलं असतं, तर तुला जाऊ दिलं नसतं."

तिचा हात थांबला. पाणी दोघांच्या घोट्यांपर्यंत चढलं.

"उपस आता," तो म्हणाला, "नाहीतर खरंच पोहावं लागेल."

सुट्टी संपली, ती गेली. पुढच्या हिवाळ्यात ओनोफ्रियो वारला. त्यानंतर मला कुणी पाण्यात उतरवलं नाही. पाहुणे माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालतात, फोटो काढतात.

मित्रांनो, पाण्यावाचून होडी तडकत जाते, बोलण्यावाचून माणूस. सुट्टीत अशा बेटावर गेलात आणि काठावर होडीपाशी कुणी म्हातारं माणूस एकटं बसलेलं दिसलं, तर शेजारी बसून विचारा, "ही होडी कुणाची?" उत्तर लांबलं तरी उठू नका.