सोळा गाठींचा दोरा

हिंमतरावांनी मला दुकानात आणलं ते भूगोलाच्या प्रेमापोटी नव्हे. बडोद्याच्या अलकापुरीतल्या त्यांच्या दुकानात तोवर रेल्वेची आणि बसची तिकिटं मिळत. मग वारं फिरलं, घराघरांतली मुलं अमेरिकेला निघाली आणि यांनी पाटीवर 'विमान' हा शब्द रंगवून घेतला. परदेशाची तिकिटं यायची मुंबईच्या एका कचेरीतून. पण गिऱ्हाइकासमोर ज्ञानी दिसायला काहीतरी हवंच ना! मित्रांनो, ते काहीतरी म्हणजे मी. मी एक जुना पृथ्वीचा गोल आहे.

हिंमतरावांनी माझ्यासाठी एक दोरा केला होता. विमान तासाभरात जेवढं जातं, तेवढ्यावर एक गाठ. बडोद्यावर अंगठा दाबून दोरा ताणला, की न्यूयॉर्कपर्यंत सोळा गाठी भरत. दोरा पार वरून, बर्फाच्या मुलखाजवळून जाई. "अगंबाई, हे तर डोक्यावरून जातं!" बायका म्हणत. कौतुक हिंमतरावांचं व्हायचं, अंगठा मी सोसायचो.

वैशाखातल्या एका शनिवारी दांडिया बाजारातले सुभानराव आले. त्यांचे थोरले भाऊ जगदेवराव सकाळीच वारले होते. मुलगा अभिजित न्यूयॉर्कला.

"फोनवर म्हणाला, शनिवारी संध्याकाळी सातला विमानात बसतो. तेवढ्यात लाइन कटली. अग्नी अभिजितच्याच हातून हवा, असं दादांनी बजावून ठेवलं होतं हो. बर्फावर ठेवलंय. केव्हा पोचेल, तेवढं जुओ ना, बघा ना."

हिंमतरावांनी दोरा ताणला. "सोळा तास. वाटेतल्या थांब्याचे तीन. म्हणजे रविवारी दुपारी दोनला मुंबई, संध्याकाळच्या विमानानं बडोदे. दिवेलागणीला घरात!"

"चोक्कस? नक्की ना?"

"अहो, गोल कधी खोटं बोलतो का?"

गोल बोलतच नाही, मित्रांनो. खिडकीतलं ऊन माझ्या बडोद्यावर पडलं होतं आणि अमेरिका पाठीमागे काळोखात होती. अभिजितचे सात तिकडचे होते; तिकडे शनिवारची संध्याकाळ होईल तेव्हा इकडे रविवार उजाडायला आलेला असेल. एरवी फोन लावताना हे दोघांनाही ठाऊक असे. त्या दिवशी विसरले.

पुढचं मला नंतर कळलं. दांडिया बाजारची बातमी अलकापुरीत यायला वेळ लागत नाही. रविवारी दिवे लागले, अभिजित नाही. त्याच्या खोलीवरचा फोन नुसता वाजत राहिला. "निघालाच नसेल," कोणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना लगेच पटलं.

"सकाळपर्यंत थांबा ना, भाऊजी," जगदेवरावांच्या पत्नी सुहासिनीबाई म्हणाल्या.

"किती थांबायचं, वहिनी? या उन्हाळ्यात बर्फ टिकतोय का?"

अग्नी सुभानरावांनी दिला. सोमवारी सकाळी अभिजित दारात उभा राहिला. त्याचं विमान अगदी वेळेवर आलं होतं.

परतीची तारीख बदलायला तो दुकानात आला, तेव्हा त्यानं मला हलकेच अर्धं फिरवलं.

"काका, हे फिरतं. तुम्ही फिरवलं नाहीत."

हिंमतराव चहा सांगायला उठले. सुभानरावांकडे मात्र कधी गेले नाहीत. दुकानाच्या नावाचा प्रश्न होता. अभिजितनं घरी दोन्हीकडच्या वेळेतला फरक सांगून पाहिला. "आता सबबी सांगतोय," असं सुभानराव म्हणाले.

पुढे दुकानात कॉम्प्युटर आला आणि मी कपाटावर गेलो. दोरा कुठल्याशा पुड्याला बांधला गेला. मित्रांनो, घरात माझ्यासारखा एखादा असेल तर त्याची धूळ पुसा आणि लांबच्या माणसाची वाट बघताना त्याला एकदा फिरवा.

हिंमतरावांचं नाव राहिलं, सुभानरावांना मान मिळाला, दांडिया बाजाराला बोलायला विषय मिळाला. किंमत भरली ती वेळेवर येऊनही उशिरा आलेल्या अभिजितनं, आणि एकच रात्र मागणाऱ्या त्याच्या आईनं.